आपली वंशावळ दुसऱ्याच्या ट्रंकेत

वंशावळ शोधायला बसलं की पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कळते, ती म्हणजे आपल्या घरात काहीच नसतं. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, दोनचार लग्नपत्रिका, एखादा पिवळा पडलेला फोटो ज्यातली अर्धी माणसं कोणालाच ओळखता येत नाहीत, आणि फारतर सोसायटीचं पासबुक. बाकी कागद थोरल्या पातीकडे गेलेले असतात, आणि थोरल्या पातीशी आपलं वाटणीपासून बोलणं बंद असतं. ते आजोबांच्या काळात बंद झालं, वडिलांनी तसंच चालू ठेवलं आणि आपल्याला कारणसुद्धा माहीत नसतं. मग कोणीतरी सांगतं की अहो तुमच्या भावकीत दावा चालला होता ना, त्या दाव्याचे कागद काढा. आणि खरंच, मी आजवर पाहिलेल्या सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात पूर्ण वंशावळी या वाटणीच्या दाव्याला जोडलेल्या वंशावळी आहेत. मूळ पुरुषापासून सगळ्या शाखा, कोण निपुत्रिक वारला, कोण दत्तक गेला, कोणाच्या मुली कुठं दिल्या, सगळं. कारण हिस्सा मागायचा तर नातं सिद्ध करावं लागतं, आणि एकानं माणूस गाळला तर समोरचा वकील तो लगेच दाखवून देतो. प्रेमानं लिहिलेल्या वंशावळीत माणसं सुटतात, भांडणातल्या वंशावळीत सहसा सुटत नाहीत.

आमच्याकडे बहुतेक लोक या नादाला जात पडताळणीमुळे लागतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. ॲडमिशन, नोकरी किंवा ग्रामपंचायतीची निवडणूक काहीही असो, वंशावळीचं शपथपत्र लागतं आणि मानीव दिनांकाच्या, म्हणजे त्या त्या प्रवर्गासाठी सरकारनं ठरवलेल्या तारखेच्या, आधीचा पुरावा लागतो. ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967, विमुक्त भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950. या तारखा आता खेड्यातल्या झेरॉक्सवाल्यालाही पाठ आहेत. त्यात 2023 ला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं, तेव्हा तर तालुक्या तालुक्याची रेकॉर्ड रूम उघडली, जुन्या कागदांची मोडी लिपी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली, आणि कित्येक जिल्ह्यांनी जुन्या नोंदींची पानं स्कॅन करून वेबसाइटवर टाकली. ज्या नोंदवह्यांवर वर्षानुवर्षं कोणी हात ठेवला नव्हता त्या लोक मोबाइलवर बोटांनी मोठ्या करून बघायला लागले. आरक्षणाचं राजकारण आपल्या जागी, मी त्यात जात नाही, पण एवढ्या मोठ्या संख्येनं सामान्य घरातल्या माणसांनी आपल्या खापरपणज्याचं नाव शोधावं असं आपल्याकडे याआधी झालं नसावं.

मी पुतणीच्या मेडिकल ॲडमिशनच्या वेळी यात आले. तिचं काम झालं, फाइल कपाटात गेली, पण माझं मन काही तिथून निघेना. आणि तशी माणसं मग मला भेटत गेली. रेकॉर्ड रूमच्या बाकावर नक्कल मिळायची वाट बघताना, मोडीच्या वर्गात, पुण्याच्या पुराभिलेखागारात. एक निवृत्त मास्तर, एक एसटीतले कंडक्टर, बँकेत असलेल्या एक बाई, कोल्हापूरची एक कॉलेजातली मुलगी जी मोडी माझ्या दुप्पट वेगानं वाचते. प्रत्येकाचं एकेक गाव, एकेक आडनाव. कोणी इतिहासाचा प्राध्यापक नाही. सुरवातीला आम्ही एकमेकांना फक्त कुठल्या खिडकीवर अर्ज द्यायचा एवढंच विचारत होतो, मग हळूहळू पानं पाठवायला लागलो.

पानं पाठवावीच लागतात, आमच्या भागात तर त्याशिवाय गाडी पुढंच सरकत नाही. कारण मिरज, सांगली, तासगाव हा पट्टा एकेकाळी कोणा एकाच्या ताब्यात नव्हता. पटवर्धन सरदारांच्या वाटण्या होत होत मिरज थोरली पाती वेगळी, धाकटी पाती वेगळी, सांगली वेगळी, कुरुंदवाड वेगळं, आणि तासगाव 1848 ला वारस नाही म्हणून कंपनी सरकारनं खालसा केलं. त्यामुळे एका गावात संस्थानचा कारभार तर शिवेला शिव लागून असलेल्या दुसऱ्या गावात इंग्रजांचा मामलेदार, तोही सातारा जिल्ह्याचा. मग 1948 ला संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली, 1949 ला दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 ला त्याचं नाव सांगली ठेवलं. माणसं त्याच घरात बसून होती, कागद मात्र कुठल्या कुठं गेले. सातारा, कोल्हापूर, पुणे, तालुक्याची कचेरी, आणि काही संस्थानच्या जुन्या कारभाऱ्यांच्या वाड्यात पडून. एकटा माणूस हे सगळं हिंडायचं म्हणला तर जन्म पुरायचा नाही. पण कोल्हापूरची मुलगी कोल्हापुरात बघते, मास्तर तासगावात बघतात, मी पुण्यात.

आता नावांचं सांगते, कारण नवीन माणूस इथंच दमतो. जुन्या कागदात आडनाव असेलच असं नाही. राणू बिन बाळू. बाळू वलद राणू. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा आणि वलद म्हणजेही तेच. बाईचं असेल तर कोम, म्हणजे अमक्याची बायको. आणि आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत, त्यामुळे राणूचा बाळू, बाळूचा राणू, राणूचा परत बाळू असं चालूच राहतं, शिवाय चुलत घरातही तेच आजोबा म्हणून तिथंही एक राणू बिन बाळू, जवळपास त्याच वयाचा. दोघांना वेगळं करायचं तर जमीन धरायची. शेताचं नाव, सर्व्हे नंबर, शेजारी कोण. पण सर्व्हे नंबर सुद्धा टिकत नाहीत, 1947 च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर गावोगाव योजना आली आणि जुन्या नंबराचे गट नंबर झाले, तो मेळ लावल्याशिवाय आजचा सातबारा मागे जातच नाही. फेरफार मात्र सोडू नका. वारस लावल्याचा जुना फेरफार मिळाला की त्यात मयताची तारीख, मुलं, विधवा, कधी कधी मुलींची नावं सुद्धा मिळतात. गाव नमुना 6 क म्हणजे वारसांची नोंदवही, ती मिळाली तर फारच चांगलं.

पण मला ज्यासाठी हे सगळं लिहावंसं वाटलं ती गोष्ट वेगळी आहे.

माझ्या आजोबांची जन्मनोंद आमच्या गावच्या नोंदवहीत नव्हती. त्यांच्या धाकट्या भावांची होती, बहिणीची होती, त्यांचीच नाही. आजूबाजूची वर्षं धरून पानं चाळली, कुठंच नाही. घरात सगळे म्हणायचे की त्या काळात कोण नोंदी करतंय. हे मी मास्तरांना सहज बोलता बोलता सांगितलं तर ते म्हणाले, थोरले होते ना आजोबा? मग गावात कशाला शोधताय, पहिलटकरणीचं बाळंतपण माहेरी. पणजीच्या माहेरचं गाव सांगा.

इतकं साधं, आपल्या सगळ्यांच्या घरात आजही चालणारं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, म्हणजे घराण्यातल्या प्रत्येक थोरल्या मुलाचा जन्म दुसऱ्या गावच्या वहीत असतो. बापाच्या गावात त्याचा जन्मच होत नाही कागदावर. आणि ते दुसरं गाव कोणतं हे कळायचं तर पणजीचं माहेर माहीत पाहिजे, आणि तेच आपल्याकडे कोणी लिहून ठेवत नाही, लग्नात तिचं नावही बदललेलं असतं. बापाकडून मुलाकडे सरळ रेघ मारत गेलं की प्रत्येक पिढीला एक भोक राहतं आणि ते फक्त बायकांच्या बाजूनं गेलं तर भरतं.

पणजीचं माहेर आत्याला माहीत होतं. तासगाव तालुक्यातलं गाव, म्हणजे इंग्रजी अमलातलं. मास्तरांचे व्याही त्या गावचे निघाले, म्हणून मास्तर स्वतः रेकॉर्ड रूमला गेले आणि त्यांनी मला पानाचा फोटो पाठवला. कोतवाल बुकाचं, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या वहीचं, पान, कडा झिजलेल्या, शाई तपकिरी झालेली. तारीख होती, नावाच्या रकान्यात फक्त "मुलगा" असं लिहिलेलं कारण बारसं व्हायचं होतं, बापाचं नाव बरोबर, त्याच्यापुढे आमच्या गावाचं नाव, आणि खबर देणारा म्हणून पणजीच्या बापाचं नाव. त्या माणसाचं नाव आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. चार पिढ्यांपूर्वीचा एक शेतकरी, लेकीला मुलगा झाला म्हणून चावडीवर सांगायला गेला आणि त्यामुळे आज मला तो माहीत आहे. मी त्या पानाचा प्रिंट काढून वडिलांना दिला. ते बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, म्हणजे आपल्याला त्या गावात पण भाऊबंद आहेत की.

आहेतच. त्या गावातला एक कॉलेजातला मुलगा त्यांच्या घराण्याचं बघत होता, त्याच्या कागदात या मुलीचं, म्हणजे माझ्या पणजीचं, नावच नव्हतं, कारण त्यांच्या वंशावळीत मुली नव्हत्या. माझ्याकडे तिचं सासरचं नाव, मुलं, मृत्यूचं साल, सगळं होतं. त्याच्याकडे तिचं माहेरचं नाव होतं, तेही फक्त त्याच्या आजीच्या तोंडी. आम्ही दोघांनी आपापलं दिलं तेव्हा कुठं ती बाई पूर्ण झाली.

त्याच नोंदवह्यांमध्ये 1918 चा हिवाळा बघवत नाही. मृत्यूच्या बाजूला ऑक्टोबर आणि नोव्हेंबरची पानं भरून वाहतात, एकाच घरातली दोनतीन नावं लागोपाठ, कारणाच्या रकान्यात नुसतं ताप. तो इन्फ्लुएंझा होता. आमच्याकडे एका शाखेत मधलीच पिढी गायब आहे असं वाटायचं, नातवंडांना आजोबांनीच वाढवलेलं, ते का हे त्या पानांवरून समजतं. तसंच 1876 ते 78 चा दुष्काळ, तेव्हा गाव सोडून गेलेल्यांची आडनावं दुसऱ्या मुलखात जाऊन बदलली, मूळ गावाच्या नावाला 'कर' जोडलेलं आडनाव झालं. असा एखादा माणूस आज आपल्याला फोन करून म्हणतो की आमचे वाडवडील तुमच्याकडचे म्हणतात, तेव्हा त्याला उडवून लावू नये. कुलदैवत विचारावं, देवक विचारावं. आडनाव बदलतं, जमीन जाते, पण कुलदैवताला वर्षाकाठी नारळ द्यायला माणूस जातोच. गोव्यातल्या घराण्यांचंही तेच, सोळाव्या शतकात देव नदीपलीकडे हलवले गेले आणि लोक पांगले, तरी कोणत्या देवळाचे महाजन हे विचारलं की मूळ गाव अजून सापडतं.

आणि हेळवी. सांगली कोल्हापूर सोलापूरकडच्या लोकांना सांगायला नको, पण पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी लिहिते. हेळवी म्हणजे पिढ्यान् पिढ्या वंशावळी सांगणारा समाज, घरची भाषा कानडी, पूर्वी बैलावर बसून यायचे, सुगी झाली की. प्रत्येक हेळव्याची घराणी ठरलेली. अंगणात बसून वही उघडून तो मूळ पुरुषापासून वाचत येतो, कुठून आले, कोणत्या गावात किती दिवस राहिले, कोणाला किती मुलं, आणि शेवटी मागच्या फेरीनंतर घरात कोण जन्मलं ते विचारून लिहून घेतो. धान्य, कपडा, पैसे घेऊन जातो. मी लहान असताना आमच्याकडे ते आले की आम्हाला पोरांना रांगेत उभं करायचे आणि आपलं नाव वहीत चढताना बघायचं, त्याचं फार अप्रूप होतं. आता त्यांची मुलं शिकून नोकरीला लागली, कोण फिरणार गावोगाव, आणि ते योग्यच आहे. पण वह्यांचं काय, हा प्रश्न आहे. माझं म्हणणं एवढंच की त्या वह्या त्यांच्या आहेत. फोटो काढू का म्हणून विचारावं, पैसे द्यावेत, आणि ते नाही म्हणाले तर तो विषय तिथं सोडावा. काही लोक गुपचूप पानांचे फोटो काढतात ते मला अजिबात पटत नाही. ज्या माणसानं आपली वंशावळ तोंडपाठ ठेवली त्याचंच नाव आपण खाली लिहीत नाही, असं होऊ नये.

तीर्थक्षेत्रावरच्या वह्यांचंही असंच. नाशिकला, त्र्यंबकला, पंढरपुरात, गयेला, काशीला. गाव आणि आडनाव सांगितलं की उपाध्ये बरोबर वही काढतात, आणि त्यात आपल्या आजोबांच्या आजोबांची स्वतःच्या हातची सही किंवा मोडीतल्या चार ओळी मिळतात. आपण अस्थी घेऊन गेलेलो असतो, तेव्हा शोधायची मनःस्थिती नसते. तरी तेवढं एक पान बघून यावं.

मोडीची भीती मात्र काढून टाका. पुराभिलेख खात्याचे वर्ग होतात, भारत इतिहास संशोधक मंडळात होतात. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी 1910 ला पुण्यात मंडळ काढलं, आणि त्याआधीपासून ते गावोगाव हिंडून घराघरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, सोडवून कागद वाचत होते. मोडीत ऱ्हस्वदीर्घ नाही, शब्द सुटे नाहीत, आधी ओळ मारायची आणि खाली लिहीत सुटायचं. अक्षर कळायला महिना दोन महिने, हात ओळखीचा व्हायला जास्त. आणि तारखा. परवा कोल्हापूरच्या मुलीनं एक पान पाठवलं, त्यावर "सन इहिदे सितैन मया व अलफ". हे सुहूर सन, आकडे अरबी शब्दांत. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे 1161. मृगापासून वर्ष सुरू, 599 मिळवले की 1760, आणि पुढच्या वर्षीच्या जानेवारीपासून 600. म्हणजे 1760-61. पानिपतचं साल! कागद अगदी साधा, कुठल्याशा पाणवठ्यावरून भांडण, दोघा भावांच्या जबान्या. पण तिकडे जानेवारीत पानिपतावर एवढं झालं त्याच वर्षात आमच्या ओढ्याकाठी दोन भाऊ पाण्याच्या पाळीवरून भांडत होते आणि त्या भांडणात त्यांनी बापाचं आणि आज्याचं नाव सांगितलं, हे वाचताना काही वेगळंच वाटतं.

इनाम कमिशनचे, म्हणजे इनाम जमिनींचे हक्क तपासायला इंग्रजांनी नेमलेल्या कमिशनचे, कागद या बाबतीत खाण आहेत. 1852 च्या कायद्यानं कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांना आपलं इनाम कोणाकडून कसं चालत आलं ते सिद्ध करायला लावलं. लोकांचं फार नुकसान झालं त्यात, दक्षिण महाराष्ट्रात 1857 ला जो असंतोष होता त्याचं हे एक कारण. पण त्यामुळे घराघरातून वंशावळी लिहून गेल्या. आणि हे फक्त देशपांडे, पाटील, कुलकर्ण्यांपुरतं नाही. महार वतन, रामोशी वतन, सगळ्या वतनांच्या तक्षिमा, म्हणजे हिस्से, असायच्या, कोणाची पाळी कोणत्या वर्षी, कोणाच्या मागं कोण, हे लिहिलेलं असतं. 1958 ला कनिष्ठ गाववतनं गेली तेव्हाही वतनदारांची नावं नोंदवली गेली. कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याच्या इतिहासाचं पुस्तक, छापायची परंपरा आपल्याकडे मोठी आहे, पण ती जास्त करून चित्पावन, सारस्वत, सीकेपी अशा घरांत. बाकीच्यांना वाटतं आपल्याला इतिहासच नाही. आमच्यातल्या कंडक्टरसाहेबांनी वतनाच्या कागदावरून आपलं महार घराणं सात पिढ्या मागं नेलंय, आणि त्यातला प्रत्येक दुवा कागदावर दाखवता येतो, कित्येक छापील कुलवृत्तांतांपेक्षा पक्का.

गावात गेलं की पहिला संशय जमिनीचा येतो. "वंशावळ कशाला पायजे?" असं विचारताना समोरचा माणूस आपल्या हिश्श्याचा विचार करत असतो, आणि त्याचं चूक नाही, वंशावळ मागायला आलेल्या माणसाच्या मागोमाग नोटीस आलेली त्यानं पाहिलेली असते. म्हणून आम्ही काही गोष्टी पाळतो. हयात माणसांची नावं, वयं बाहेर कोणाला द्यायची नाहीत. पान पाठवताना कुठल्या कचेरीतलं, कुठल्या वहीतलं, कितवं पान हे लिहायचं, नुसतं "आमच्यात असं म्हणतात" असेल तर तसंच लिहायचं. दाव्यासाठी कोणी माहिती मागितली तर त्यानं वकिलामार्फत कचेरीतून काढावी. आणि जे सापडलं ते बदलायचं नाही. पाटाची, म्हणजे पुनर्विवाह करून आलेली, बायको असेल तर पाटाची लिहायची. दत्तक असेल तर दत्तक. मला याचा फार राग येतो की घराण्याचं नाव चांगलं दिसावं म्हणून दुसरी बायको आणि तिची मुलं गाळली जातात. विधवेनं पाट लावला, दोन्ही घरची पोरं वाढवली, शेती सांभाळली, आणि वंशावळीत तिच्या जागी रेघ. कोणाला न विचारता आपण एका माणसाला नसलेलं करतो.

मॉरिशसहून अधूनमधून चौकशी येते. तिथं 1834 पासून गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर, म्हणून साडेचार लाखांवर माणसं नेली गेली, त्यातली काही मुंबई बंदरातून, कोकणातली, देशावरची. त्यांच्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत आणि त्यात नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव, जहाज सगळं असतं, पुढच्या काळातल्या कित्येकांचे फोटोसुद्धा. फक्त ते साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं. जिल्हा रत्नाघेरी. गावाचं नाव तर असं की तीन वेगवेगळ्या तालुक्यांतल्या गावांना लागू पडावं. अशा वेळी मोठ्यानं वाचून बघायचं, कोकणातल्या माणसाला फोनवर ऐकवायचं, तो म्हणतो हां, आमच्याकडे वाडीचं नाव आहे असं. तिकडचे मराठी लोक गणपती बसवतात, आडनाव फ्रेंच वळणानं लिहितात आणि गावाचं नाव जपून ठेवतात. त्यांना उत्तर द्यायला वेळ लागला तरी द्यावं, कारण त्यांच्यासाठी इकडे दुसरं कोणी नाही.

सध्या आम्ही अडलोय ते कर्नाटकातल्या अथणीच्या बाजूला. मिरजेच्या पूर्व भागातल्या लेकी पिढ्यान् पिढ्या अथणी, कागवाडकडे दिल्या आणि तिकडच्या इकडे आल्या, 1956 ला राज्यं वेगळी झाली म्हणून सोयरीक थांबली नाही. तिथल्या जुन्या नोंदी काही मराठीत, काही कानडीत, आणि आमच्यात जुनं कानडी हस्ताक्षर वाचणारं कोणी नाही. माझ्या दुसऱ्या पणजीचं माहेर तिकडचं, तिच्या थोरल्या मुलाची नोंद तिकडेच असणार. कोणाला जमत असेल, किंवा कोणाची आजी वाचत असेल, तर सांगा. बदल्यात मिरज तासगावकडचं काही हवं असेल तर मी आणि मास्तर बघून देऊ.